किरणोपचारानंतर कोरडे पडलेले तोंड आणि पारंपरिक चिनी वैद्यक: सुया घ्याव्यात का, काढा घ्यावा का?

दवबिंदू

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, परंतु तपशील दिल्याशिवाय नेमके उत्तर मिळणार नाही असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांना जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. सात आठवड्यांत ३५ वेळा मिळून ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किरणोपचार आणि त्याच्या जोडीला सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध असे उपचार झाले. ते संपून आता १४ महिने झाले आहेत. गाठ गेली आहे, तपासण्या चांगल्या येत आहेत आणि त्याचे समाधान घरातल्या प्रत्येकाला आहे. परंतु तोंडाची कोरड काही केल्या हटत नाही. बोलता बोलता मध्येच त्यांची जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना टक् असा आवाज येतो. तो आवाज समोरच्याला ऐकू जातो या संकोचाने त्यांनी फोनवर बोलणे जवळजवळ सोडून दिले आहे. कोरडा घास गालात नुसता फिरत राहतो, पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. उशाशी भरून ठेवलेली पाण्याची बाटली पहाटेपर्यंत रिकामी होते, कारण ते रात्रीतून चार-पाच वेळा घसा सुकून जागे होतात.

आमचे एक आप्त काही वर्षे चीनमध्ये होते. त्यांनी तिथल्या एका वैद्यांना वडिलांची लक्षणे सांगून काढ्याची पाकिटे पाठवली आहेत. एक पाकीट उघडून मी पांढऱ्या कागदावर पसरले. त्यात फिकट पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते, सुरकुतलेले छोटे कंद आहेत. काळे, ओलसर आणि बोटांना चिकटणारे काप आहेत. काळपट, पण कोरडे आणि कडक असे आणखी काही तुकडे आहेत. आणि पिवळ्या गाभ्याच्या गोल चकत्या आहेत, ज्या चाखल्यावर गोड लागल्या. आप्तांच्या सांगण्याप्रमाणे ही माइदोंग, शंगदी, श्वेनशेन आणि गानत्साओ नावाची औषधे आहेत. याशिवाय अ‍ॅक्युपंक्चरही करून पाहा, असे त्यांनी सुचवले आहे.

वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) सिस्प्लॅटिनच्या काळात वाढले होते, ते आता सामान्य मर्यादेच्या वरच्या टोकाला येऊन थांबले आहे. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे आणि उपचारांत गेलेले वजन अजून पुरते भरून आलेले नाही. काढा आणि अ‍ॅक्युपंक्चर या दोन्ही गोष्टींमागे खरोखर काही आधार आहे का, आणि त्यातून वडिलांना अपाय होण्याची शक्यता किती, हे जाणून घ्यायचे आहे. ‘नैसर्गिक आहे, करून बघायला काय हरकत आहे’ हे उत्तर मला अनेकांनी दिले आहे, पण त्याने माझे समाधान होत नाही.


मुक्तछंद

दवबिंदू, तुमच्या वडिलांचे वर्णन वाचताना मला माझेच दिवस आठवले. माझ्या टॉन्सिलच्या कर्करोगासाठी झालेल्या किरणोपचारांना आता चार वर्षे होत आली. तो टक् आवाज मला चांगलाच परिचयाचा आहे.

काढ्यांविषयी मी बोलणार नाही, कारण मी ते घेतलेले नाहीत. सुया मात्र घेतल्या आहेत. उपचार संपून दोन वर्षे झाल्यावर, माझ्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून, मी आठ आठवडे दर आठवड्याला एक याप्रमाणे अ‍ॅक्युपंक्चर करून घेतले. प्रत्येक वेळी साधारण वीस मिनिटे सुया ठेवत असत. हातांवर, दोन्ही कानांच्या पाळ्यांवर आणि एक सुई खालच्या ओठाच्या खाली, हनुवटीच्या वरच्या खळग्यात. या शेवटच्या बिंदूला चिनी भाषेत छंगज्यांग म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘रस झेलणारा’ असा होतो, हे मला सुया टोचणाऱ्या बाईंनी सांगितले. केसासारख्या बारीक सुया असतात. टोचल्याचे दुखणे फारसे नाही, पण काही ठिकाणी आत जड-जड, बधिर अशी जाणीव होते आणि ती तशी व्हावीच असे त्यांचे म्हणणे होते.

मला काय फरक पडला, तो वाढवून सांगत नाही. पहिल्या चार बैठकींत काहीच जाणवले नाही. सहावीनंतर लक्षात आले की, मी रात्री चारऐवजी दोनदा उठतो आहे आणि लाळेचा तो तारेसारखा लांबणारा चिकटपणा कमी झाला आहे. तोंड पूर्वीसारखे ओले झाले का, तर नाही. जेवताना पाण्याचा पेला आजही शेजारी लागतो. चार-पाच महिन्यांनी फायदा ओसरू लागला, तेव्हा मी पुन्हा काही बैठका घेतल्या. एवढ्या मर्यादित फायद्यासाठी कोणी हे करावे का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरते सांगायचे तर रात्रीची सलग तीन तासांची झोप मला फार मोलाची वाटली आणि वाटते.


मोजपट्टी

मी किरणोपचार विभागात काम करते. रुग्णांच्या लाळग्रंथींना किती मात्रा बसेल याचा हिशेब करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून आधी त्या ग्रंथींविषयी लिहिते. त्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात आणि ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. कानापुढची पॅरोटिड ग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ देते आणि ती मुख्यतः चावताना, चव घेताना वाहते. एरवी दिवसभर आणि रात्री तोंड ओले ठेवणारी लाळ मात्र बहुतांशी जबड्याखालच्या ग्रंथीतून येते आणि तिला बुळबुळीतपणा देणारे घटक त्या ग्रंथीतून, जिभेखालच्या ग्रंथीतून आणि त्या लहान ग्रंथींतून येतात. त्यामुळे ‘घास उतरत नाही’ आणि ‘रात्री घसा सुकून जाग येते’ या तुम्हाला एकच वाटणाऱ्या दोन तक्रारींच्या मागे वेगवेगळ्या ग्रंथी असू शकतात. जिभेच्या मुळाशी असलेल्या रोगात गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या लसिकागाठींवर किरण द्यावे लागतात आणि जबड्याखालच्या ग्रंथी नेमक्या त्या वाटेत येतात.

किरणोपचाराच्या पहिल्याच आठवड्यात लाळ घटू लागते. पुढे ती किती परत येईल, हे ग्रंथीला सरासरी किती मात्रा बसली यावर अवलंबून असते. निदान एका पॅरोटिडची सरासरी मात्रा २० ग्रेच्या आत किंवा दोन्हींची २५ ग्रेच्या आत राहिली, तर तीव्र कोरड बहुधा टळते, असे आम्ही मानतो. ग्रंथी वाचवून किरण देण्याच्या आयएमआरटी पद्धतीने यात मोठा फरक पडला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पारस्पोर्ट या ब्रिटिश चाचणीत एका वर्षानंतर त्रासदायक कोरड असणाऱ्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होते, तर आयएमआरटीमध्ये ३८ टक्के. तुमच्या वडिलांच्या उपचारांचा आराखडा रुग्णालयात जपून ठेवलेला असतो; त्यातील लाळग्रंथींच्या मात्रा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. थोडीफार सुधारणा दोन वर्षांपर्यंत होत राहते, म्हणजे १४ महिन्यांवर आशा सोडण्याचे कारण नाही. आणि त्याच कारणाने, या काळात कोणत्याही उपायाने आलेली सुधारणा त्या उपायाचीच आहे असेही मानता येत नाही.

आता सुयांविषयी. मुक्तछंद यांनी स्वतःबद्दल जे सांगितले, ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीशी इतके जुळते की वाचून मी थबकले. त्या चाचणीत जुनी कोरड असलेल्या १४५ रुग्णांना आठ आठवडे, दर आठवड्याला वीस मिनिटे, गटाने बसवून अ‍ॅक्युपंक्चर दिले गेले आणि मुखस्वच्छतेच्या मार्गदर्शनाशी त्याची तुलना केली गेली. रुग्णांच्या सांगण्यात फरक पडला: तीव्र कोरड, चिकट लाळ, घास गिळण्यासाठी लागणारे घोट आणि रात्री पाण्यासाठी उठणे, हे सर्व कमी झाले. परंतु लाळ प्रत्यक्ष मोजली, तेव्हा तिच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. कोरडेपणाची जाणीव आणि लाळेची कमतरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. जाणीव कमी होणे हा खरा फायदा आहे. रुग्ण जाणिवेनेच त्रस्त असतो. मात्र दातांना जाणीव नसते, त्यांना लाळच लागते.

किरणोपचार चालू असतानाच सुया दिल्या तर काय होते, हे शांघायच्या फूदान विद्यापीठाचे कर्करोग केंद्र आणि ह्यूस्टनचे एमडी अँडरसन केंद्र यांनी मिळून तपासले. ३९९ रुग्णांची ही चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतर लक्षणीय कोरड असणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात सुमारे ३५ टक्के, बतावणीच्या (खरा उपचार वाटेल अशा खोट्या) टोचणीच्या गटात ४८ टक्के आणि नेहमीच्याच उपचारांच्या गटात ५५ टक्के होते. आकडे आश्वासक आहेत. तरी बतावणीच्या टोचणीला मिळालेला प्रतिसाद चीनमध्ये आणि अमेरिकेत सारखा नव्हता, आणि हे कोडे संशोधकांनी स्वतःच नोंदवले आहे. पुढे २०२४ साली, जुनी कोरड असलेल्या २५८ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत आठवड्यातून दोनदा सुया घेतलेल्यांचा त्रास केवळ मुखस्वच्छता पाळणाऱ्यांपेक्षा कमी झाला, पण बतावणीच्या टोचणीशी तुलना केल्यास फरक तितका ठळक ठरला नाही. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अ‍ॅक्युपंक्चर ‘देऊन पाहता येईल’ अशा उपायांत आहे, आणि माझ्या मते एवढेच म्हणणे योग्य आहे.

त्याच सूचनांत पायलोकार्पिनच्या गोळ्याही आहेत. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अशी तिची नेहमीची मात्रा असते. उरलेल्या जिवंत पेशींना ती काम करायला लावते. पेशीच उरल्या नसतील, तर तिचा उपयोग होत नाही. घाम फार येतो, लघवीला वारंवार जावे लागते, आणि आटोक्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार असणाऱ्यांना ती देत नाहीत. वडिलांना ही गोळी दिली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. दिली नसेल, तर पाकिटांच्या आधी हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा. सुईच्या बिंदूंवर सुईऐवजी त्वचेवरून सौम्य विजेचे स्पंद देण्याची एक पद्धतही आहे. १४८ रुग्णांच्या एका चाचणीत ती पायलोकार्पिनइतकीच उपयोगी ठरली आणि दुष्परिणाम बरेच कमी झाले.


खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि वनस्पतिज औषधांच्या आंतरक्रिया हा माझा विषय आहे. दवबिंदू यांनी पाकिटातील जिन्नस इतक्या बारकाईने वर्णन केले म्हणूनच काही ठोस लिहिता येते आहे.

पहिली गोष्ट, चिनी वैद्यक या एकाच नावाखाली सुया आणि काढे एकत्र बांधले जातात, पण पुराव्याच्या दृष्टीने आणि धोक्याच्या दृष्टीने ती दोन टोके आहेत. मोजपट्टी यांनी सांगितलेला सारा पुरावा सुयांचा आहे. तो काढ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

काढ्यामागचा विचार मात्र समजून घेण्याजोगा आहे. चिनी वैद्य किरणांना एक प्रकारचे अग्नि-विष मानतात. ते शरीरातील यिन, म्हणजे शीतल आणि पोषक अंश, जाळते आणि ‘जिन-ये’ आटवते. जिन म्हणजे पातळ, स्वच्छ द्रव आणि ये म्हणजे दाट, स्निग्ध द्रव. म्हणून यिनचे पोषण करून द्रव उत्पन्न करावेत, असा उपचार ठरतो. चीनच्या दक्षिण भागात, विशेषतः ग्वांगदोंग प्रांतात, नाकामागच्या घशाचा कर्करोग जगात इतरत्र क्वचितच आढळेल इतका आढळतो आणि त्यावर मुख्य उपचार किरणांचाच आहे. साहजिकच कोरड्या तोंडाचे रुग्ण तिथे मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्यासाठी काढे लिहून देण्याची प्रथा पक्की झाली आहे.

तुमच्या पाकिटात माइदोंगचे निमुळते कंद, शंगदीचे काळे चिकट काप आणि श्वेनशेनची मुळे आहेत. या तिघांचा मिळून त्सेंग-ये-तांग, म्हणजे ‘द्रव वाढवणारा काढा’, होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस वू जुतोंग या वैद्याने तो सांगितला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा काढा मुळात तोंडासाठी नव्हता. तापाच्या आजारात शरीर सुकून झालेल्या बद्धकोष्ठावर तो देत असत. पाणी वाढले की रुतलेली नाव आपोआप चालू लागते, अशी त्यामागची उपमा आहे. म्हणजे शौचास पातळ होणे हा या काढ्याचा अपघाती दुष्परिणाम नसून त्याचे मूळ काम आहे. ज्या माणसाचे वजन अजून भरून आलेले नाही आणि ज्याचे मूत्रपिंड सिस्प्लॅटिनमुळे एकदा ताणले गेले आहे, त्याला जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी होणे परवडणारे नाही. चिनी वैद्यसुद्धा ही औषधे थंड आणि जड मानतात आणि पचन दुर्बळ असलेल्यांना ती जपून देतात.

चौथा जिन्नस गानत्साओ म्हणजे ज्येष्ठमधाच्या कुळातील मूळ. तुम्ही चाखल्यावर गोड लागले ते हेच. त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे जाते आणि रक्तदाब चढतो. चिनी काढ्यांत ते थोडेसे बहुतेक वेळा असतेच, पण काढा रोज आणि अनेक आठवडे घ्यायचा असेल, तर हे थोडेसेही मोजावे लागते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल, तर पोटॅशियम दोन्हीकडून घटेल. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांमध्ये मॅग्नेशियम आणि पोटॅशियम आधीच कमी असण्याची शक्यता असते, हेही ध्यानात ठेवावे.

या काढ्यांवर अभ्यास झालेले नाहीत असे नाही. चीनमध्ये अनेक झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष बहुधा अनुकूल असतात. परंतु त्यांतील पुष्कळ अभ्यास लहान आहेत, रुग्णाला आणि तपासणाऱ्याला आपण कोणत्या गटात आहोत हे ठाऊक असते, आणि प्रत्येक वैद्य जिन्नस कमी-जास्त करत असल्याने दोन अभ्यासांतील काढा एकच नसतो. मोजपट्टी यांनी उल्लेखलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या शिफारशींमध्ये काढ्यांना स्थान नाही. मी त्यांना निरुपयोगी म्हणत नाही. उपयोगी म्हणण्याइतका आधार आज हातात नाही, एवढेच म्हणतो.

याहून मोठी काळजी पाकिटात खरोखर काय आहे याची आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका औषधात फांगजी नावाच्या चिनी मुळीऐवजी नामसाधर्म्यामुळे दुसरीच मुळी गेली. तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होते. शंभराहून अधिक स्त्रियांचे मूत्रपिंड त्यामुळे बिघडले आणि पुढे त्यांतील काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तुमच्या पाकिटात ती मुळी आहे असे मी सुचवत नाही. तुम्ही सांगितलेल्या चार नावांत ती नाही. पण वाळवून कापलेल्या मुळाचा तुकडा डोळ्यांनी ओळखणे जाणत्यालाही कठीण असते, आणि पाकिटावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि जड धातूंच्या तपासणीचा उल्लेख नसेल, तर आपण केवळ विश्वासावर चाललो आहोत हे मान्य करावे लागते.

ज्यांचे किरणोपचार अजून चालू आहेत, अशा वाचकांसाठी एक वेगळी सूचना. त्या काळात काढे किंवा ‘पेशींचे रक्षण करणारी’ पूरके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किरणोपचाराच्या काळात ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देऊन पाहिली होती. दुष्परिणाम थोडे कमी झाले, पण रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. जे निरोगी पेशीला वाचवते, ते रोगट पेशीलाही वाचवू शकते.


दंतकळी

मी दंतवैद्य आहे. वरची चर्चा मोलाची आहे, पण दातांचा उल्लेख एका वाक्यात झाला आणि माझ्या खुर्चीवर येणारे रुग्ण नेमके तिथेच फसलेले असतात, म्हणून लिहिते.

लाळ कमी झाली की आम्ल धुऊन नेणारे आणि दातांवर खनिजे परत चढवणारे काही उरत नाही. किरणोपचारानंतरची कीड वेगळी दिसते. ती दाढेच्या चावण्याच्या बाजूला न लागता हिरड्यांलगत, दाताच्या मानेभोवती गोलाकार लागते आणि काही महिन्यांत दात तिथून तुटतो. अशा वेळी दात काढणेही सोपे नसते, कारण ज्या जबड्याला ६० ग्रेच्या आसपास किंवा त्याहून जास्त मात्रा बसली आहे, तिथे जखम न भरता हाड मृत होण्याचा धोका असतो. म्हणून कोणत्याही दंतवैद्याकडे गेलात, तरी किरणोपचार झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा, मग त्याला कितीही वर्षे झालेली असोत.

चिनी उपायांच्या संदर्भात माझा आक्षेप आंबट आणि गोड गोष्टींना आहे. तोंडाला पाणी सुटावे म्हणून वूमेई नावाचे आंबट फळ चघळण्याचा किंवा काढ्यात घालण्याचा सल्ला दिला जातो. घशासाठीच्या अनेक चिनी गोळ्यांत साखर किंवा मध असतो. निरोगी तोंडात यातून फारसे बिघडत नाही. कोरड्या तोंडात मात्र दाताचे कवच साडेपाचच्या खालच्या पीएचला (म्हणजे आम्लता वाढल्यावर) विरघळू लागते आणि ते आम्ल बराच वेळ तसेच राहते. काढा घोटघोट करत दिवसभर पिण्याची सवयही याच कारणाने वाईट. चघळायचेच असेल, तर बिनसाखरेचा च्युइंगगम चघळावा. चावण्याच्या क्रियेने उरलेली पॅरोटिड जागी होते.

दातांच्या मापाने बनवलेल्या साच्यात फ्लोराइडची जेल घालून ती रोज रात्री लावणे, हे आयुष्यभराचे काम आहे. सुयांनी वडिलांना कितीही बरे वाटू लागले तरी ते थांबवू नका. मुक्तछंद, हे तुमच्यासाठीही आहे. आणि तोंडात आग होत असेल किंवा पांढरा थर दिसत असेल, तर ती निव्वळ कोरड नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर औषध आहे आणि त्याने आठवड्याभरात पुष्कळ आराम पडतो.


दवबिंदू

सर्वांचे मनापासून आभार. खलबत्ता सर, तुमचे उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले आणि रुतलेल्या नावेच्या उपमेला त्यांनी मान डोलावली.

रक्तदाबाच्या गोळीचे वेष्टण पाहिले. तिच्यात लघवी वाढवणारा घटक खरोखरच आहे. पायलोकार्पिनबद्दल आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते, पुढच्या भेटीत विचारणार आहोत. एक शंका राहिली आहे. लाळ मोजायची असेल, तर ती घरी मोजता येते का? आणि सुया घेण्यापूर्वी कोणती खबरदारी घ्यावी?


मोजपट्टी

घरीही अंदाज घेता येतो. सकाळी, खाऊन-पिऊन आणि दात घासून निदान तासभर झालेला असताना वडिलांना शांत बसवा, मान किंचित खाली ठेवायला सांगा आणि पाच मिनिटे तोंडात जमणारी लाळ न गिळता, जीभ न हलवता, लहान कपात सोडायला सांगा. मग ती सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून मिलिलिटरमध्ये वाचा आणि पाचाने भागा. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी आली, तर विश्रांतीच्या वेळची लाळ निश्चितच घटलेली आहे, असे मानतात. फेस जास्त असेल, तर तो बसू द्या, नाहीतर आकडा फुगतो. सुया सुरू करण्यापूर्वी एकदा आणि आठ आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा एकदा मोजा. सोबत रात्री किती वेळा उठले, याची रोजची नोंद ठेवा. दोन्ही नोंदी समोर असल्या की पुढे चालू ठेवायचे की थांबायचे, हे ठरवणे सोपे जाते.

सुयांपूर्वी रक्तातील पेशींची, विशेषतः प्लेटलेट्सची तपासणी करावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी सांगावे. विजेचे स्पंद देणार असतील, तर पेसमेकर नसल्याची खात्री करावी. आणि मानेवर सूज साठत असेल, तर त्या भागात टोचू देऊ नये. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात, पाकीट तुमच्यासमोर फोडले जावे.


दवबिंदू

आज सकाळी मोजून पाहिले. वडील खिडकीपाशी मान खाली घालून बसले होते आणि मी घड्याळ धरले होते. पाच मिनिटांनी कपाच्या तळाशी बहुतेक फेसच होता. तो बसल्यावर सिरिंजमध्ये ०.३ मिलिलिटर भरले, म्हणजे मिनिटाला ०.०६. आकडा ऐकून ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले की, निदान आता कोणी ‘तुम्हाला तसे वाटत असेल’ असे म्हणणार नाही.

काढ्याची पाकिटे बंद करून बाजूला ठेवली आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्यांतील एक सोबत नेणार आहे. ग्रंथींच्या मात्रांसाठी रुग्णालयात अर्ज दिला आहे आणि दातांचा साचा बनवण्यासाठी वेळ घेतली आहे. सुयांची पहिली बैठक रक्ततपासणी झाल्यावर ठरेल. वहीत काल रात्रीची नोंद केली आहे: पाच वेळा.